जहाजावरून आलेलं पाकीट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद लहानपणी बहुतेकांना कधी ना कधी लागतो आणि गोवर-कांजिण्यांसारखा बराही होतो. माझा मात्र बरा झाला नाही. उलट वयाबरोबर त्याने रूप पालटलं. आज मी तिकिटांपेक्षा पाकिटं जपतो, आणि त्यातही युद्धनौकांवरून आलेली किंवा युद्धनौकांवर गेलेली पाकिटं. हे असं का झालं, ते सांगायचं तर लहानपणी माझ्या हातून घडलेल्या एका अपराधापासून सुरुवात करावी लागेल.

वर्ष १९७२. मी रत्नागिरीत पाचवीत शिकत होतो. माझे काका नौदलात खलाशी होते, 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर. युद्ध संपल्यावर ते शिमग्याला रजेवर घरी आले, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. काकूने त्यांना पाठवलेली पत्रं त्यांनी जपून परत आणली होती. आणि काकांनी पाठवलेली पत्रं काकूने बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा मामा आफ्रिकेत होता, त्यामुळे त्याच्या वहीत जिराफ आणि हत्ती असलेली रंगीत तिकिटं होती. माझ्याकडे काहीच नव्हतं. घरात मात्र हे दोन खजिने.

एका दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. मी दोन्हीकडची पाकिटं काढली, आतली पत्रं तेवढी शहाणपणाने बाजूला ठेवली आणि पाकिटांचे तिकिटाचे कोपरे कापून घमेल्यातल्या पाण्यात भिजत घातले. तिकिटं सुटली. ती जुन्या वर्तमानपत्रावर वाळवली आणि खळीने वहीत चिकटवली. उरलेली पाकिटं न्हाणीच्या चुलीत घातली. कचरा दिसायला नको, एवढाच विचार.

संध्याकाळी काकूच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता पाठ सडकून निघणार. पण ती रागावली नाही. डबा मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "अरे, त्याच्यावर तारखा होत्या रे."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो कळायला पुढे पुष्कळ वर्षं लागली. काका पत्रावर तारीख घालत नसत. कुठून लिहितो आहे ते लिहायची तर परवानगीच नव्हती. "आम्ही सर्व खुशाल आहोत, आईची तब्येत जपावी, पेरवाचं झाड लागलं का" अशी त्यांची पत्रं. त्यामुळे कुठलं पत्र आधीचं, कुठलं नंतरचं, कुठलं युद्ध सुरू होण्यापूर्वीचं आणि कुठलं नंतरचं, हे सांगणारी एकच गोष्ट होती. ती म्हणजे पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का. तो मी चुलीत घातला होता. जी टोकं तिकिटावर उमटली होती, त्यांत एखादा आकडा नाहीतर एखादं अक्षर. त्यावरून काय कळणार?

श्रोतेहो, तिकीट हे छापखान्यात लाखांनी छापलं जातं. माझ्याकडचं आणि तुमच्याकडचं तिकीट सारखंच. पण शिक्का पडलेलं पाकीट जगात एकच असतं. ते अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसाने अमुक माणसाला पाठवलेलं असतं. त्या वेळच्या तिकिटांचंच उदाहरण घ्या. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१पासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागत असे. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'रिफ्यूजी रिलीफ' ही अक्षरं छापून काम भागवलं, मग १ डिसेंबरपासून वेगळं तिकीट आलं. १९७३च्या मार्चअखेर हा कर बंद झाला. ही तिकिटं घरोघर होती, त्यामुळे वर्गात त्यांना काडीची किंमत नव्हती. मी तसली दहा देऊन एक जिराफ मिळवला होता! आज वाटतं, रत्नागिरीहून युद्धकाळात 'विक्रांत'च्या पत्त्यावर गेलेलं, ते जादा तिकीट लावलेलं काकूचं अख्खं पाकीट हातात असतं, तर त्या एका कागदावर सगळा काळ वाचता आला असता. निर्वासितांचा लोंढा, देशाने गोळा केलेले पाच-पाच पैसे, समुद्रावरचं जहाज आणि इथे घरी वाट बघणारं माणूस.

आता युद्धनौकेवरचं टपाल म्हणजे नेमकं काय, ते थोडं सांगतो.

भर समुद्रात पोस्ट ऑफिस कुठून येणार, असा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेच्या नौदलात मात्र १९०८पासून मोठ्या जहाजांवर खरोखरच पोस्ट ऑफिसं आहेत. जहाजावरच शिक्का मारतात आणि त्या शिक्क्यात जहाजाचं नाव असतं. त्यामुळे तिकडे जहाजांचे शिक्के जमवणाऱ्यांचा मोठा संप्रदाय तयार झाला. १९३२मध्ये त्यांची 'युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटी' स्थापन झाली. ही मंडळी स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जहाजावर पाठवतात आणि शिक्का मारून परत मागवतात. पर्ल हार्बरला ७ डिसेंबर १९४१ रोजी 'ॲरिझोना' ही युद्धनौका बुडाली, तिच्यावरचे ११७७ जण गेले. त्या जहाजाचा शिक्का असलेली पाकिटं आज संग्राहक जिवापाड जपतात. पण गंमत बघा, अमेरिका युद्धात उतरल्यावर हे जहाजांच्या नावाचे शिक्के काढून टाकावे लागले. त्या जागी नुसतंच 'यू. एस. नेव्ही' असं येऊ लागलं. शांततेत जे कौतुकाचं, तेच युद्धात धोक्याचं!

आपल्याकडे पद्धत निराळी. आपल्या युद्धनौकेचा पत्ता म्हणजे जहाजाचं नाव आणि पुढे 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस'. मुंबई, कोची, विशाखापट्टणम अशा नौदलाच्या तळांवर ही कार्यालयं असतात. तुम्ही रत्नागिरीतून पत्र टाकलंत की ते या कार्यालयात जातं. जहाज कुठे आहे ते त्यांना ठाऊक, तुम्हाला नाही. जहाज अंदमानात असो की मुंबईच्या गोदीत, घरच्यांनी लिहायचा पत्ता तोच. तिकडून येणारं टपालही जिथे उतरवलं जाईल तिथून पुढे निघणार. म्हणजे पाकिटावरचा शिक्का पत्र टपालात कधी पडलं ते सांगतो, जहाज कुठे होतं ते सांगत नाही. आमची आजी काकांच्या प्रत्येक पत्राला विचारायची, "खंय आसा म्हणता?" आणि पोस्टमन हात वर करायचा.

हे एवढं गुपित कशासाठी, याचं उत्तर मला 'विक्रांत'च्याच गोष्टीत सापडलं.

१९७१मध्ये 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात होती. तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे ती पूर्ण वेगाने धावू शकत नव्हती. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी तिच्या मागावर निघाली होती. तेव्हा आपल्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी एक डाव टाकला. 'विक्रांत'ला दूर अंदमानच्या बाजूला दडवलं आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे, असा भास निर्माण केला. 'राजपूत' या जुन्या विनाशिकेने 'विक्रांत' असल्याची बतावणी करायची. बिनतारी संदेशांची वर्दळ वाढवायची. गावातल्या कंत्राटदारांकडे मोठ्या जहाजाला लागेल एवढ्या शिधासामग्रीची मागणी नोंदवायची. आणि यातली एक युक्ती तर आपल्या विषयाचीच. 'विक्रांत'वरचा कुणी खलाशी आपल्या गंभीर आजारी आईची खुशाली विचारतो आहे, असा एक खाजगी संदेश मुद्दाम साध्या, उघड भाषेत पाठवण्यात आला. शत्रू ऐकत असणारच, आणि आईची चौकशी करणाऱ्या मुलावर कोण संशय घेणार? हे कृष्णन यांनीच पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

'गाझी' विशाखापट्टणमच्या तोंडाशी आली आणि ३-४ डिसेंबरच्या रात्री तिथेच स्फोट होऊन बुडाली. तो स्फोट नेमका कशाने झाला, यावर दोन्ही देशांत अजून वाद आहे. ४ डिसेंबरला 'विक्रांत'वरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले.

हे मी वाचलं तेव्हा काका हयात नव्हते. मी पुस्तक घेऊन काकूकडे गेलो आणि तो मजकूर तिला मराठीत सांगितला. मला वाटलं, तिला अभिमान वाटेल. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे कुणाच्या तरी आईला लटकंच आजारी पाडलं म्हणायचं. पण त्या माउलीला खरंच काही झालं नाही ना?" मी म्हटलं, "अगं, तसा खलाशीच नव्हता, तर आई कुठून असणार?" तरी तिने देवाकडे बघून हात जोडलेच. जहाजावरून येणारी खुशाली म्हणजे काय, ते तिला माझ्यापेक्षा अधिक कळत होतं.

कारण त्या डिसेंबरात बातम्या एकापाठोपाठ एक येत होत्या. ९ डिसेंबरला दीवजवळ 'खुकरी' ही आपली फ्रिगेट पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतः जहाज सोडलं नाही. टपाल खात्याने २००० साली त्यांच्यावर तिकीट काढलं, ते माझ्याकडे आहे. पण ज्या दिवशी रेडिओवर ती बातमी आली, त्या दिवशी नौदलात माणूस असलेल्या इथल्या घरांत दुसऱ्या जहाजाचं नाव ऐकून सुटकेचा निःश्वास टाकावा, की त्याचीच लाज वाटावी, हे कळेनासं झालं होतं. आमच्याकडे चूल पेटली, पण कुणी नीट जेवलं नाही.

आणि मग एक पत्र आलं. तेच एक पाकीट माझ्या कात्रीतून वाचलं, कारण काकूने ते डब्यात न ठेवता देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवलं होतं. पुढे तिने ते मला दाखवलं. साधं पिवळट पाकीट. शिक्का घाईत मारलेला, अर्धाच उमटलेला. ठिकाणाचं नाव मुळी नाहीच. पण तारखेचा भाग स्वच्छ आहे, १४ डिसेंबर १९७१. मी भिंग लावून ठिकाण शोधत होतो. काकू म्हणाली, "गाव कशाला हवं? तारीख बघ." १४ तारखेचा शिक्का आहे, म्हणजे बातम्यांतले ते सगळे दिवस मागे टाकून पत्र निघालं आहे, एवढंच तिने त्या दिवशी वाचलं होतं. पत्र तिने दुसऱ्या दिवशी फोडलं.

पोस्टाच्या शिक्क्याचा एवढा मोठा अर्थ मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचला नाही.

पुढे नोकरी लागल्यावर मी हा छंद रीतसर सुरू केला. नौदलात तेव्हा आपल्या गावाच्या नावाचं एक जहाज होतं, 'आयएनएस रत्नागिरी'. सोव्हिएत रशियात बांधलेलं, समुद्रातले सुरुंग काढणारं. १९८०मध्ये ते नौदलात आलं. त्या वर्गातली जहाजं आता निवृत्त झाली आहेत. मी त्या जहाजाच्या नावाने पत्र लिहिलं, आत स्वतःचा पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट घातलं आणि पोस्टात गेलो. खिडकीवरचे गृहस्थ पत्ता वाचून म्हणाले, "अहो, रत्नागिरीचं पत्र रत्नागिरीला, मग मध्ये मुंबई कशाला? चालत जाऊन द्या की!" मी त्यांना जहाजाची हकिगत सांगितली. त्यांनी शिक्का पुन्हा शाईत बुडवला, तिकिटाच्या कोपऱ्यावर नेमका, गोल, एक अक्षर न चुकता मारला आणि म्हणाले, "आपल्या गावाचा आहे, नीट जायला हवा."

दोन महिन्यांनी पाकीट परत आलं. त्यावर जहाजाचा रबरी शिक्का होता. जाणकार संग्राहक सांगतील की, तो पोस्टाचा शिक्का नव्हे, जहाजाच्या कार्यालयाचा. बरोबर आहे. पोस्टाचा शिक्का तिकीट रद्द करतो आणि त्याला कायद्याचा आधार असतो. जहाजाचा शिक्का ही केवळ खूण. संग्रहात दोन्ही वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत, आणि खुणेला पोस्टाचा शिक्का म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहिलं पाहिजे.

तसेच स्मारक पाकिटांचेही प्रकार आहेत. नवीन तिकीट निघतं त्या दिवशी जे सचित्र पाकीट मिळतं ते 'फर्स्ट डे कव्हर'. १९६८च्या नौदल दिनाच्या तिकिटावर 'निलगिरी' फ्रिगेट आहे. गंमत म्हणजे ती तेव्हा नुकतीच पाण्यात उतरली होती, नौदलात दाखल झाली १९७२मध्ये. १९८४मध्ये राष्ट्रपतींनी मुंबईत नौदलाच्या ताफ्याची पाहणी केली, तेव्हा चार तिकिटांचा जोड निघाला, त्यात 'विक्रांत' आहे. १९९९मध्ये सागरी वारशावरच्या तिकिटांत कान्होजी आंग्रे यांच्या काळातला गुराब आला. आपल्या किनाऱ्याचं जहाज तिकिटावर आलेलं पाहून मला कोण आनंद झाला होता! दुसरा प्रकार 'स्पेशल कव्हर'. एखाद्या प्रसंगासाठी छापलेलं पाकीट आणि त्या दिवसापुरता खास शिक्का. लष्करी टपाल सेवाही पलटणींच्या आणि जहाजांच्या प्रसंगांनिमित्त अशी पाकिटं काढते, आत माहितीपत्रक असतं. ही पाकिटं देखणी असतात आणि नव्या संग्राहकाने तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. पण माझा अनुभव सांगतो, देखण्या पाकिटाशेजारी एक तरी खरोखर प्रवास केलेलं, मळकं, घडी पडलेलं पाकीट असू द्या. एकात समारंभ असतो, दुसऱ्यात माणूस.

आता थोडं जपणुकीविषयी. आपल्या कोकणात कागदाचे शत्रू तीन: दमट हवा, कसर आणि वाळवी. चार महिने पाऊस झोडपतो, तेव्हा कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका. पाकिटं आडवी एकावर एक न रचता उभी ठेवा. सेलोटेप, गोंद आणि लॅमिनेशन यांपैकी काहीही लावू नका. फाटलेलं पाकीट फाटकंच राहू द्या. दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली की सावलीत वारा द्या, उन्हात नव्हे. कोणाचं पाकीट, कुठून मिळालं, ते वेगळ्या कागदावर शिसपेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. आणि तिकीट कापू नका. हे मी किती तळमळीने सांगतो आहे, ते तुम्हाला कळलंच असेल.

आणखी एक पथ्य. सध्या नौदलात असलेल्यांना जहाज कुठे आहे, कुठे जाणार आहे, असं छंदापायी विचारू नये, आणि त्यांची पत्रं चारचौघांत मिरवू नयेत.

पहिली 'विक्रांत' ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला आपल्या नौदलात दाखल झाली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत तिचं संग्रहालय होतं, ते २०१२मध्ये बंद झालं आणि २०१४मध्ये ती भंगारात गेली. त्या नावाचं नवं जहाज, आपल्याच देशात बांधलेलं, २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला दाखल झालं. तारा २०१३मध्येच बंद झाल्या. आता किनारा जवळ आला की खलाशाचा फोन घरी खणखणतो आणि ते फार चांगलं आहे. कोणत्याही काकूवर शिक्क्यातला आकडा वाचून धीर धरायची वेळ येऊ नये. पण फोनवरचं बोलणं डब्यात ठेवता येत नाही, हेही खरं.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात नौदलात, गोदीत, बोटीवर माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. तुमच्या माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असेल, तर ती एकदा उघडा. पाकिटं रद्दीत घालण्यापूर्वी त्यांच्यावरच्या तारखा वाचा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, हे पत्र आलं तेव्हा काय झालं होतं?

काकू गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने पोथीतलं ते पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आता हे तू ठेव. आता काही तू तिकीट काढायचा नाहीस." ते माझ्या संग्रहात पहिल्या पानावर आहे. बाजारात त्याची किंमत फारशी येणार नाही, कारण शिक्का अर्धाच आहे. पण तारीख पुरी आहे.